नापास दगडांची चाळ

आमच्या घराची दर्शनी भिंत चुकांची होती. हे मी रागाने म्हणत नाही, ते खरंच तसं होतं. बोरिवलीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आज तीन उंच टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलेलं असतं. तिथे पूर्वी दगडाची खदान होती. त्या खदानीतून पिवळसर दगड निघायचा. शहरातल्या ज्या मोठमोठ्या जुन्या इमारतींसमोर लोक आज फोटो काढतात, त्यांतल्या कितीतरींच्या अंगावर हाच दगड आहे. त्याला सगळे मालाडचा दगड म्हणतात. तो बोरिवलीत निघाला काय, कांदिवलीत निघाला काय, नाव मालाडचंच. बाबांना याचा भारी राग. नाव मालाडचं आणि कंबरडं आमचं, असं ते म्हणायचे.

खदानीत एक नियम होता. घडवून झालेला दगड साहेबापुढे न्यायचा. साहेब लाकडी माप लावून बघायचा. कोपरा उडालेला असला, माप अर्ध्या बोटाने चुकलं किंवा नक्षीची रेघ जरा वाकडी गेली, की दगडावर गेरूची फुली पडायची. फुली पडली की दगड नापास. त्याच्यावर केलेली आठ-दहा दिवसांची मेहनत पाण्यात गेली असं समजायचं. पण एक होतं. नापास झालेला दगड ज्याने घडवला त्याचा. तो त्याने घरी न्यावा आणि वाटेल ते करावं, कुणी विचारणार नाही.

माझ्या पणजोबांच्या पिढीने त्या फुलीच्या दगडांची सात घरं बांधली. एका ओळीत सात घरं, पुढे अंगण, टोकाला सगळ्यांत मिळून दोन संडास. कागदावर काहीतरी लांबलचक नाव होतं, पण सगळी बोरिवली तिला नापास चाळ म्हणायची. पोस्टमनसुद्धा तसंच म्हणायचा आणि त्याला कुणी हटकायचं नाही.

या चाळीसारखी भिंत मी कुठेही बघितलेली नाही. दाराच्या उजव्या बाजूला एका कमानीचा तुकडा आडवा बसवलेला. त्याच्यावर अर्धं फूल. खिडकीखाली कुठल्याशा जनावराचा कान, कारण जबडा घडवताना तडा गेला म्हणे. आणि दाराच्या बरोबर डोक्यावर एक मोठं पान. हातभर रुंद, कडा आत वळलेल्या, शिरा अशा कोरलेल्या की लहानपणी मला वाटायचं याला पाणी घातलं पाहिजे. फक्त त्या पानाचं टोक नव्हतं. पणजोबांनी अगदी शेवटचा घाव घातला आणि टोक उडालं. शेवटच्या घावाला, असं बाबा दरवेळी दोनदा सांगायचे. फोर्टातल्या एका मोठ्या इमारतीसाठी घडवलेलं ते पान मग आमच्या दारावर आलं.

शेजारच्यांच्या भिंतीही अशाच. कुणाकडे खांबाचं बूड, कुणाकडे छज्ज्याचा कोपरा. शहराने जे जे नको म्हटलं ते सगळं आमच्या अंगणात एका ओळीत उभं होतं.

खदानीच्या बाकीच्या वास्तूंचं काय झालं तेही सांगून टाकते. शेठचा बंगला होता, लाकडी जाळीच्या व्हरांड्याचा. तिथे आधी लग्नाचा हॉल झाला, मग बांधकामाचा सांगाडा, मग टॉवर. सुरुंगाची दारू ठेवायची कोठी होती, वस्तीपासून लांब, एकटी, दोन हात जाड भिंतीची, खिडकी नसलेली. दारू दुसरीकडे हलवल्यावर तिच्यात बालवाडी भरायची, कारण उन्हाळ्यात तिच्याएवढं गार काही नव्हतं. मी तिथेच ‘ग’ गिरवला. आणि एक चौथरा होता, त्यावर घंटा. सुरुंग उडवायच्या आधी ती वाजवायचे आणि आई दुधावर ताट झाकायची. घंटा कुणीतरी चोरली. कोठी पाडायला मात्र तीन दिवस लागले, त्याचा बाबांना इतका आनंद झाला होता की ते रोज बघायला जायचे. खदानीचा खड्डा बरीच वर्षं पाण्याने भरून होता. मग त्यात शहरभरचा राडारोडा ओतला. या डोंगरातून दगड नेऊन जी घरं बांधली, त्यांचीच मोडतोड परत आणून त्याच खड्ड्यात टाकली, आणि वर पोहण्याचा तलाव केला.

बाबा त्या खदानीतले शेवटचे घडाईवाले. म्हणजे टाकी आणि हातोडी घेऊन दगडाला आकार देणारे. पुढे खदानीत नुसती खडीच फोडायला लागले तेव्हा बाबा देवळांच्या पायऱ्या, पाटे-वरवंटे असं काहीबाही करत राहिले. हात मात्र पणजोबांचा होता. हे मी आता म्हणते. तेव्हा मला त्यांच्या नखांत बसलेल्या पिवळ्या पिठाची लाज वाटायची. कॉलेजात मी नॅशनल पार्कजवळ राहते असं सांगायचे. खोटं नव्हतं ते. एका मैत्रिणीने घरी यायचा हट्ट धरला, तेव्हा मी तिला स्टेशनवरच भेळ खाऊ घालून परत पाठवलं.

जात्याला, पाट्याला टाकी लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. गुळगुळीत झालेला दगड टोचून पुन्हा खरखरीत करायचा. आमच्या चाळीत घराला टाकी लावायचे. घरात लग्न निघालं की बाकीचे लोक रंग काढतात, आमच्याकडे दाराभोवतीच्या साध्या दगडांना टाकी लागायची, नक्षीला नाही. वरचा काळा पडलेला थर उडाला की आतून दगड लोण्यासारखा पिवळा निघायचा. चाळीतले सगळे पुरुष यायचे आणि एकेक दगड वाटून घ्यायचे. बायका चहा करायच्या. दोन दिवस टकटक टकटक चालायची आणि सगळ्या वस्तीला कळायचं की या घरात कार्य आहे. टाकी न लागलेल्या दारातून नवरी बाहेर काढायची नाही, असं होतं.

माझ्या लग्नात मी ते करू दिलं नाही. नवऱ्याकडची माणसं ऑफिसात, बँकेत नोकऱ्या करणारी. लग्न अंधेरीच्या हॉलमध्ये ठरलं होतं, मग घरावर टकटक कशाला, असं मी म्हटलं. बाबांनी टाक्या धार लावून आणल्या होत्या. त्या त्यांनी परत पिशवीत ठेवल्या. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, समजूतदार आहेत.

आई गेली आणि बाबा त्या घरात एकटे राहिले. मी अंधेरीला, लिफ्टच्या इमारतीत. रविवारी डबा घेऊन जायचे. चार वर्षांपूर्वी बिल्डरची माणसं चाळीत यायला लागली. सातपैकी सहा घरांनी होकार दिला, आणि त्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. साठीच्या बाईला पाय मोडलेला असताना टोकाच्या संडासापर्यंत जावं लागतं, तिला नक्षीच्या पानाचं कौतुक सांगायचं नसतं. त्या सहाही घरांनी आधीच दर्शनी भिंतींवर बाथरूमच्या लाद्या लावून घेतल्या होत्या. उघडा दगड फक्त आमच्या भिंतीचा राहिला होता.

बाबांनी सही केली नाही. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल तर ते तेव्हा. डबा उघडता उघडता म्हणाले, “मला इथनं हलवू नका गं. तुला कागदाचं कळतं, जमेल तेवढं बघ.”

मग मी बघितलं. मला कागदाचं खरंच कळतं, सत्तावीस वर्षं तेच करते. शहरातल्या जुन्या वास्तूंची यादी करणारी एक समिती होती. यादीत नाव आलं तर घर पाडता येत नव्हतं. मी अर्ज लिहिला. खदान, फुलीचा नियम, सात घरं, पणजोबा, पान, सगळं त्यात घातलं. भिंतीचे फोटो काढले. काळ्या पडलेल्या दगडावर कमानीचा तुकडा, कान, टोक नसलेलं पान. जे लपवायला मी भेळ खाऊ घातली होती, तेच आता मी मोठ्या अभिमानाने पाकिटात घालून पाठवत होते. शेजारी माझ्याशी बोलेनासे झाले. एक काकू एवढंच म्हणाल्या की तुला काय, तू राहतेस फ्लॅटमध्ये.

सात महिन्यांनी उत्तर आलं. समितीच्या तज्ज्ञ बाई पाहणीला येणार. फोटो बघून त्यांना फार उत्सुकता वाटली होती, असं पत्रात लिहिलं होतं. मी बाबांना फोन केला. भिंतीवर ठोकलेले खिळे, निळी ताडपत्री, केबलच्या वायरी हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी म्हटलं, “बाबा, मोठी माणसं येणारेत. भिंत जरा नीट करून ठेवा.”

ते हो म्हणाले. पुढचे तीन रविवार ऑफिसच्या ऑडिटमध्ये गेले. मधे एकदा त्यांचा फोन आला की भिंतीचं काम चाललंय. मी मीटिंगला निघाले होते. चांगलं आहे, म्हटलं आणि फोन ठेवला. ते मला आणखी काहीतरी सांगणार होते असं आता वाटतं. नक्की माहीत नाही.

पाहणीच्या दिवशी मी आणि समितीची गाडी एकाच वेळी पोचलो. बाई तिशीच्या, कॉटनची साडी, पायात चपला, बोलायला गोड. बरोबर एक जण कॅमेरा घेऊन. आम्ही कोपऱ्यावरून वळलो आणि मला आमचं घर ओळखू आलं नाही.

सगळी भिंत पिवळीजर्द. नुसती दाराभोवतीची नाही, जोत्यापासून छपरापर्यंत. प्रत्येक दगडावर बारीक टाकीच्या रेघा, सरळ, एकसारख्या. शंभर वर्षांचा काळेपणा पिठासारखा अंगणात पडला होता आणि बाबांनी त्याचा झाडून एका बाजूला ढीग केला होता. कमानीच्या तुकड्याच्या कडा धारदार झाल्या होत्या. अर्ध्या फुलाची उरलेली पाकळी पुरी झाली होती. आणि दारावरच्या पानाला टोक होतं.

दगडाला काही जोडता येत नाही, त्यातून फक्त कमी करता येतं. म्हणून बाबांनी अख्खं पानच बोटभर आत नेलं होतं. सगळ्या शिरा, सगळ्या वळलेल्या कडा पुन्हा नव्याने, बोटभर लहान, आणि उरलेल्या दगडातून टोक काढलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस शिडीवर उभा राहून तीन आठवडे हे करत होता. पणजोबांची चूक त्यांनी सुधारली होती. पाहुण्यांना चुकीचं पान कसं दाखवायचं?

बाबा दारात उभे होते, धुतलेल्या सदऱ्यात. आत जमिनीवर सतरंजी घातलेली मला दिसली, आणि कपबश्या मांडलेल्या. आईच्या वेळच्या, फक्त लग्नाकार्याला काढायच्या त्या.

तज्ज्ञ बाई भिंतीजवळ गेल्या आणि बराच वेळ हात फिरवत राहिल्या. काम फार सुंदर आहे, असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. मग हळूच विचारलं की हे कधी केलं. बाबांनी खुशीत सांगितलं, कालच संपलं. बाई माझ्याकडे वळल्या. इंग्रजी-मराठी मिसळून त्यांनी समजावलं की यादीसाठी मूळ पृष्ठभाग लागतो, मूळ घडण लागते, आणि इथे ती आता उरलेली नाही. कालची भिंत जुनी म्हणून कशी लिहायची, तुम्हीच सांगा. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला त्यांच्यावर ओरडता येईना.

मी बाबांवर ओरडले. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला? वाट लावलीत सगळ्याची. एवढी वर्षं नाही हात लावलात, आणि आत्ताच कसं सुचलं?”

अंगणात शेजारी जमले होते. लाद्यांच्या भिंतींना टेकून सगळे ऐकत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. मला वाटलं आता म्हणतील, तूच म्हणालीस ना, नीट करून ठेवा. ते तसं म्हणाले नाहीत.

“तुझ्या लग्नात राहून गेलं होतं,” ते म्हणाले. “म्हटलं पाहुणे येतायत, तर होऊन जाऊ दे.”

बाईंनी विचारलं की आतून घर बघता येईल का. मी म्हटलं, आता आत काय बघायचंय, राहू द्या. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि दोनदा माफी मागितली, बाबांच्या वतीने. परत आले तर बाबा कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

पत्र आलं, दर्शनी भागाचे मूळ स्वरूप राहिलेले नाही असं लिहिलेलं. मग बाबांनीच बिल्डरच्या माणसाला बोलावून सही केली. मला नंतर सांगितलं. घर पाडायच्या दिवशी ते आले नाहीत. कोठी पाडताना रोज बघायला जाणारा माणूस स्वतःच्या घराला पाठ फिरवून माझ्या अंधेरीच्या फ्लॅटमध्ये टीव्ही बघत बसला. टाक्यांची पिशवी त्यांनी बरोबर आणली होती, ती कपाटाच्या मागे टाकली.

त्यानंतरचं वर्ष मी कसं घालवलं ते सांगायला मला आवडत नाही. मी ती गोष्ट सगळ्यांना सांगत फिरले. ऑफिसात, सोसायटीत, नवऱ्याच्या नातेवाइकांत. सगळं जमत आलं होतं हो, आणि म्हाताऱ्याने ऐन वेळी घोळ घातला. लोक हळहळायचे. मी कसा अर्ज लिहिला, कसा पाठपुरावा केला हे मी तपशिलात सांगायचे. भिंत नीट करून ठेवा हे शब्द मात्र मी कधीच कुणाला सांगितले नाहीत. बाबा त्या वेळी शेजारच्या खोलीत असायचे. भिंती पातळ आहेत आमच्या, चार इंची.

गेल्या हिवाळ्यात एक फोन आला. एका मिस्त्रीचा. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम त्यांच्याकडे होतं. खदानी बंद झाल्यापासून तो पिवळा दगड नव्याने मिळत नाही, त्यामुळे जुनी घरं पाडली की तिथला दगड ते उचलतात. आमच्या चाळीचा दगड त्यांनी उचलला होता. त्यातल्या काही दगडांवरची टाकी त्यांनी बघितली, आणि ही ताजी टाकी जुन्या हाताची कशी, हा माणूस कोण, हे विचारत ते बिल्डरच्या ऑफिसातून माझ्यापर्यंत आले होते. त्यांच्या कारागिरांना तशी टाकी येत नव्हती. बाबांनी एकदा येऊन दाखवावी, एवढंच म्हणणं.

मला वाटलं, बाबा नाही म्हणतील. त्यांनी कपाटामागून पिशवी काढली आणि चपला घातल्या.

इमारतीला परांची बांधली होती, हिरवी जाळी सोडली होती. मागच्या आवारात आमचं घर रचून ठेवलेलं होतं. दगडांवर निळ्या रंगाने नंबर टाकलेले. मी कमानीचा तुकडा ओळखला, मग कान. बाबा एकेका दगडावर हात ठेवत चालले होते, लग्नघरात म्हातारी माणसं लेकरांच्या डोक्यांवरून हात फिरवत जातात तसे. पान वेगळं काढून लाकडी फळीवर ठेवलं होतं.

मिस्त्री भला माणूस होता. तो कौतुकाने सांगत होता की वरच्या पट्टीत अशीच पानं आहेत, त्यातलं एक खाऱ्या हवेने खाऊन टाकलंय, तिथे हे बसवायचंय. बोटभर लहान आहे, पण एवढ्या उंचीवर कोण बघतंय. बाकी जुन्या पानात आणि यात फरक करून दाखवा, अशी पैज मारायला तो तयार होता.

मी विचारलं की हा दगड जुना आहे हे त्याला कसं कळलं. माझा आवाज चढला असावा, कारण त्याने माझ्याकडे चमकून बघितलं. मग त्याने आणि एका गड्याने मिळून पान पालथं केलं. मागची बाजू काळीकुट्ट होती. आमच्या चुलीचा धूर, आईचा, तिच्या सासूचा, तिच्याही आधीच्या बायकांचा. आणि त्या काळ्याखाली खडबडीत मोठी टाकी, पणजोबांची, आणि कोपऱ्यात गेरूच्या फुलीची पुसट रेघ.

“मागून कळतं ताई,” मिस्त्री म्हणाला. “पुढनं काय, पुढनं कुणीपण घासतं.”

ती बाजू घराच्या आत होती. जिथे सतरंजी घातली होती, कपबश्या मांडल्या होत्या, तिथून मान वर केली असती तर दिसली असती. बाईंनी आत यायचं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, आता आत काय बघायचंय. बाबांनी त्या दिवशी आत सतरंजी का घातली होती हे मी कधी विचारलंच नव्हतं. चहासाठी, एवढंच मी धरून चालले होते.

कारागीर जमले. बाबांना बसायला चौरंग दिला. मिस्त्रीने शिकवण्यासाठी एक साधा दगड पुढे केला. बाबा म्हणाले, नको, पानच आणा, एका शिरेला हात राहिलाय. पान सुलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पिशवीतून सगळ्यांत बारीक टाकी काढली, नखावर धार बघितली. सगळे वाकून बघत होते. बाबांनी टाकी पानाच्या टोकाला लावली आणि हातोडीचा एकच घाव घातला.

टोक उडून फळीवरून खाली पडलं.

मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. बाबांनी टाकी पुसली आणि पिशवीत ठेवली.

“चुकला हात,” ते म्हणाले. “फुली मारा.”

मिस्त्री आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. नापास दगड ज्याचा त्याने घरी न्यायचा, हा नियम त्याला कुणी सांगितला होता का, त्याच्याही घरी कुणी दगड घडवत होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याने लाल रंगाचा डबा मागवला, पानाच्या मागच्या बाजूला, त्या जुन्या फुलीशेजारी, ब्रशने फुली मारली. म्हणाला, आता आमच्या कामाचा नाही हा, तुम्हीच घेऊन जा बाबा. संध्याकाळी निघताना दोन माणसांनी तो दगड टॅक्सीच्या डिकीत ठेवला तेव्हा टॅक्सी मागून चांगलीच खाली बसली. उडालेलं टोक बाबांनी खिशात घातलं होतं.

त्याआधी तो साधा दगड त्यांनी कारागिरांना घडवून दाखवला. दुपारभर शिकवलं, हातात हात धरून. परत निघालो तेव्हा त्यांच्या नखांत पिवळं पीठ होतं. टॅक्सी सी-लिंकवर चढली. मला माफी मागायची होती. शब्द जुळवता जुळवता वांद्रं आलं. मी त्यांच्याकडे वळले तेवढ्यात तेच म्हणाले, “घरी जावईबापूंनी विचारलं दगड कसा फुटला, तर सांग, म्हातारपणी बाबांचा हात चुकला.”

मी मान हलवली. वेगळं काही सांगावं लागणार नव्हतं. वर्षभर मी सगळ्यांना तेच सांगत आले होते.